गेटपासून ओट्यापर्यंतचे तीस फूट

शहादा, तळोदा किंवा नंदुरबार शहराच्या कडेला बिगरशेती (एन. ए.) झालेल्या प्लॉटांवर नवी घरं उभी राहताना पाहिली की एक क्रम बहुतेक ठिकाणी सारखा दिसतो. आधी स्लॅब पडतो, मग रंग लागतो, मग चकचकीत गेट बसतं, वास्तुशांत होते आणि सगळ्यात शेवटी घरात विषय निघतो की गेटपासून ओट्यापर्यंत गाडी जाणार कशावरून. तोवर पैसा संपत आलेला असतो. उरलेली खडी आणि पाच-सात गोण्या सिमेंट यांवर गवंडी दोन दिवसांत कोबा ओतून देतो. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याला केसाएवढी भेग जाते, दुसऱ्यानंतर तिच्यात गवत उगवतं. मग सिमेंटची कंपनी बदलायला हवी होती, की गवंडी, यावर चर्चा होते. खालच्या मातीचं नाव फारसं कुणी घेत नाही.

जुन्या गावांना हा त्रास कमी होता. मराठेशाहीच्या महसुली कागदांत गावाचे दोन भाग वेगळे मोजले जात: वस्तीची जागा ती पांढरी आणि कसायची जमीन ती काळी. घरं पांढरीत असत. पडक्या भिंतींची माती, चुलीतली राख, चुना, विटा-खापरांचे तुकडे असं पिढ्यान्‌पिढ्या साचत गेल्यानं ती जागा थोडी उंच आणि निचऱ्याची झालेली असे. याचं टोकाचं उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातच आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या प्रकाशे गावी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्यांचे थर एकावर एक रचलेले सापडले. माणसं त्याच टेकाडावर पुन्हा पुन्हा घरं बांधत राहिली होती. आजची कॉलनी मात्र दोन वर्षांपूर्वीपर्यंत कापूस, ऊस किंवा पपई असलेल्या शेतात उभी राहते. गाव पांढरीतून काळीत उतरलं आहे आणि काळीचा स्वभाव वेगळा आहे.

ही माती दख्खनच्या बेसाल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून तयार झालेला हा दगड झिजला आणि त्यातून माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजानं भरलेली चिकणमाती बनली. या खनिजाचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या आत शिरतं. पाणी शिरलं की कण फुगतो, निघून गेलं की आकसतो. कपाशीला जे वरदान वाटतं, म्हणजे महिनोन्‌महिने ओल धरून ठेवणं, तेच फरशीला जड जातं. एप्रिल-मे महिन्यांत शहाद्याच्या शेतात पडलेल्या भेगांत मनगटापर्यंत हात जातो. जुलैत त्याच भेगा मिटतात आणि जमीन वर येते. मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवते, असं धरून रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं घरांसाठी तळाशी फुगीर असणाऱ्या अंडर-रीम्ड पाइलची पद्धत विकसित केली. घराचा पाया त्या खोलीचा विचार करून घेता येतो. अंगणाचा पाया तसा घेणं कुणालाच परवडणार नाही.

जिल्हाभर मात्र एकच जमीन नाही. तापीच्या दोन्ही काठांना काळीचा थर खोल आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी तो पातळ होत जातो आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात मुरूम व दगड हातभर खोलीवर लागतात. तिथं जमीन फुगून फरशी फुटत नाही. तिथलं दुखणं उताराचं आहे, पावसाच्या लोंढ्यानं कडा धुपून जाण्याचं. नंदुरबार-धुळे पट्ट्यात तर लाव्ह्याच्या भेगांत थिजलेल्या कठीण दगडाच्या भिंती, ज्यांना भूशास्त्रज्ञ डाइक म्हणतात, माळावर लांबच लांब उभ्या दिसतात. अशा जागी घर बांधणाऱ्याचं निम्मं काम निसर्गानं आधीच करून ठेवलेलं असतं. म्हणून शहाद्याच्या पाहुण्याचं अंगण पाहून धडगावात तसंच करणं, किंवा धडगावचं पाहून शहाद्यात, हे दोन्ही चुकीचं.

आपल्या प्लॉटची माती किती फुगते हे तपासायला साधी चाचणी आहे. भारतीय मानक २७२० च्या भाग ४० मध्ये ती दिली आहे. बारीक चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन दोन मोजपात्रांत टाकायची, एकात पाणी, दुसऱ्यात केरोसीन. केरोसीनमध्ये ही माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीचं घनफळ पाहायचं. पाण्यातली माती केरोसीनमधल्यापेक्षा पन्नास टक्क्यांच्या आतच जास्त भरली तर फार चिंता नाही, शंभरच्या पुढे गेली तर सावध राहायचं, दोनशेच्या पुढे गेली तर जमीन बांधकामासाठी वाईटच. शहाद्यात, धुळ्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत आणि माती तपासण्याची साधनं अशा ठिकाणी असतात. ज्याला तेवढाही खटाटोप नको, त्यानं मे महिन्यात प्लॉटवरच्या भेगा पाहाव्यात. बोटभर रुंद भेग दिसली की उत्तर मिळालं.

आता या मातीवर चार इंचांचा कोबा टाकला की नेमकं काय होतं? पावसाळ्यात पाणी कडांनी आत शिरतं, कडेची माती आधी फुगते आणि भाकरी तव्यावर कडेनं उचलली जावी तसा कोबा कडेनं उचलला जातो. मधला भाग तसाच राहतो. गाडीचं चाक वर आलं की खाली आधार नसलेला भाग मोडतो. काही वर्षांनी उलटं घडतं. कोब्याखालून वाफ होऊन पाणी उडून जायला वाट नसल्यानं मधली माती कायम ओलसर राहते, तर कडेची दर उन्हाळ्यात सुकून खाली बसते. तेव्हा मधे उंचवटा येतो आणि भेग लांबीनं पडते. जवळ कडुलिंबासारखं मोठं झाड असेल तर त्याची मुळं एका बाजूचं पाणी ओढतात आणि भेग तिरकी जाते. भेगांची दिशा पाहून जाणता गवंडी पाणी कुठून शिरतंय ते सांगू शकतो.

सारा खेळ पाण्याचा आहे, हे रस्तेबांधणीच्या इतिहासातही जुनं आहे. १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची देखरेख हाती घेतलेल्या जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश माणसानं तेव्हाच्या समजुतीच्या विरुद्ध भूमिका घेतली. गाडीचं वजन खरं तर मूळची जमीनच पेलते, वरचे दगड नव्हेत. ती जमीन कोरडी राहिली की कितीही वजन पेलेल, असं त्याचं म्हणणं होतं. वरच्या खडीचं मुख्य काम म्हणजे जमिनीवर छप्पर धरणं. त्यामुळे त्यानं जाड दगडांचा पाया सोडून देऊन रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच, दोन्ही बाजूंना उतरता आणि बारीक फोडलेल्या खडीचा करायला सुरुवात केली.

काळ्या मातीच्या बाबतीत पुढचा शोध मुंबईत लागला. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला, तर खालच्या मातीची उसळी वरपर्यंत पोहोचत नाही. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्याच्या कामात ही पद्धत वापरली गेली आणि पुढे कालव्यांच्या भारतीय मानकात ती आली. अशा थरासाठी लागणारी माती म्हणजे आपल्याकडचा चांगला मुरूम. खानदेशातला कुठलाही जुना गवंडी ‘आधी मुरूम भरा, एक पावसाळा जाऊ द्या’ म्हणतो, तेव्हा तो हेच शास्त्र सांगत असतो. कालव्याखाली हा थर मीटरभर लागतो. घराच्या अंगणात दीड फूट ही तडजोड आहे, पण कामाची तडजोड आहे.

ती अशी करावी. वरची एक फूट काळी माती काढून टाकायची. ती फेकायची गरज नसते, बागेसाठी किंवा हलक्या शेतासाठी नेणारे सापडतात. मग दीड फूट मुरूम भरायचा, म्हणजे अंगण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच येईल. मुरूम एका दमात ओतायचा नाही. सहा-सहा इंचांचे तीन थर करायचे, प्रत्येकावर पाणी मारायचं, प्रत्येकावर छोटा रोलर किंवा कंपन करणारा कॉम्पॅक्टर फिरवायचा. फरशीच्या कडेपासून दोन फूट बाहेरपर्यंत हा थर न्यायचा, म्हणजे ओल-सुकीचा खेळ फरशीच्या कडेखाली न होता बाहेर होईल. मुरूम घेताना मूठभर ओला करून दाबून पाहावा. गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिखलासारखा लागता कामा नये. मातकट मुरूम स्वस्त मिळतो आणि त्यातून पुन्हा तीच काळी माती पैसे देऊन विकत घेतली जाते.

पाण्याची वाट हे दुसरं अर्धं काम. तीस फूट बाय दहा फुटांच्या अंगणावर इंचभर पाऊस पडला की सुमारे सातशे लीटर पाणी होतं. छपराचं पाणी पाइपानं त्याच अंगणात सोडलं असेल तर त्याच्या काही पट. दर दहा फुटांना दीड ते दोन इंच उतार, तोही घराच्या जोत्यापासून बाहेरच्या दिशेनं, एवढं केलं तरी बरंच साधतं. अडचण गेटपाशी येते. नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा रस्ता दर वेळी जुन्यावर नवा थर पडून उंच होत जातो आणि काही वर्षांत घर रस्त्यापेक्षा खाली जातं. शिवाय रस्त्याकडेची गटार बुजवून तिच्यावरच रॅम्प ओतायची पद्धत सगळीकडे दिसते. तिथं सिमेंटचा ह्यूम पाइप टाकून वरून रॅम्प न्यायला हवा, नाहीतर वरच्या चार घरांचं पाणी आपल्याच गेटात येऊन थांबतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये रंगावलीच्या पुरानं नवापूरला जे दाखवलं ते फार मोठ्या प्रमाणावर होतं, पण पाण्याला वाट न ठेवण्याची किंमत गल्लीतही लहान प्रमाणात रोज मोजली जाते.

एवढं झाल्यावर वरच्या थराचा प्रश्न येतो आणि तो आता सोपा झालेला असतो.

खोल काळी माती असेल तर पेव्हर ब्लॉकला पहिली पसंती द्यावी. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये भाजलेल्या विटांच्या रस्त्यांना पर्याय म्हणून काँक्रीटचे ब्लॉक आले, आणि आज तालुक्याच्या गावीही ते बनतात. त्यांचा मोठा गुण म्हणजे ते एकसंध नाहीत. जमीन थोडी वर-खाली झाली तर ब्लॉकही होतात, फुटत नाहीत. खड्डा पडला तर तेवढे ब्लॉक उचलून, खाली कच भरून, तेच परत बसवता येतात. नळाची नवी लाइन टाकायची झाली तरी तेच. गावागावांत जलजीवन मिशनच्या पाइपांसाठी नवे कोरे काँक्रीटचे रस्ते फोडले गेले, ते पाहिलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण ब्लॉक घेताना दोन गोष्टी विचारायच्या. एक, जाडी आणि ताकद. भारतीय मानक १५६५८ प्रमाणे हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर जाडीचा, एम-३५ ताकदीचा ब्लॉक धरला जातो, त्याहून जास्त वाहतुकीला ८० मिलिमीटर आणि एम-४०. बागेतल्या पायवाटेसाठी केलेला ५० मिलिमीटरचा ब्लॉक गाडीखाली घालू नये, तो वरून तेवढाच सुंदर दिसतो ही अडचण आहे. दारात उसाची किंवा केळीची भरलेली ट्रॉली येणार असेल तर ८० च्या खाली येऊच नये. दोन, कड. चारही बाजूंना काँक्रीटमध्ये रोवलेली कर्बची रांग नसेल तर चाकाच्या रेट्यानं ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि त्या सांध्यांतून पाणी थेट मुरमात जातं. बहुतेक बिघडलेल्या पेव्हरच्या कामात कर्बचे पैसे वाचवलेले आढळतात.

मुरमाड किंवा खडकाळ जागी काँक्रीट उत्तम. शेतकऱ्याच्या घरी त्याचा आणखी एक उपयोग आहे, जो शहरी नकाशात मांडलेला नसतो. नंदुरबारच्या अंगणात फक्त गाडी उभी राहत नाही. तिथं तूर वाळते, ज्वारी पसरते, दिवाळीनंतर लाल मिरची पडते. शहराभोवतीच्या मिरची वाळवायच्या पथाऱ्या देशभर प्रसिद्ध आहेत, घरची दोन-चार पोती मात्र घराच्या अंगणातच सुकतात. सपाट काँक्रीटवरचं धान्य झाडूनं गोळा होतं, पेव्हरच्या सांध्यांत ते अडकतं आणि वाळूबरोबर वर येतं. ज्या घरी लग्नं निघायची आहेत तिथं मांडवाच्या खांबांसाठी काँक्रीट ओततानाच चार-सहा जागी पाइपचे तुकडे उभे बसवून झाकणं लावावीत. नंतर पहारीनं पाडलेलं भोक हीच भेगेची पहिली जागा होते.

काँक्रीटला भेग पडणारच, ती कुठं पडावी एवढंच ठरवायचं असतं. चार इंच जाडीच्या कोब्याला दर आठ-दहा फुटांवर जाडीच्या चौथाईएवढा काप द्यावा, तोही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. लोखंडी जाळी भेग थांबवत नाही, पडलेली भेग रुंदावू देत नाही. जाळी जमिनीवर टाकून वरून काँक्रीट ओतलं तर तिचा उपयोग शून्य. ती वरच्या तिसऱ्या भागात राहील असे ठोकळे खाली हवेत. आणि मग पाणी. ‘माल सरकत नाही’ म्हणून मिक्सरमध्ये वाढवलेलं पाणी काँक्रीट कमजोर करतं, तर ओतून झाल्यावर मारायचं टाळलेलं पाणीही तेच करतं. आज मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी आहे. अशा मिश्र सिमेंटला आणि गरम कोरड्या हवेत किमान दहा दिवस ओलावा हवा, असं मानक ४५६ सांगतं. मातीची आळी करून पाणी साठवणं हा त्याचा जुना आणि अजूनही सगळ्यात भरवशाचा मार्ग.

शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गीकडून येते, कोटा राजस्थानातून, पार्किंग टाइल बहुतेक गुजरातमधल्या मोरबीहून. तिन्ही दिसायला छान, पण त्यांच्याखाली काँक्रीट लागतंच. म्हणजे तो खर्च काँक्रीटच्या ऐवजी नसतो, काँक्रीटच्या वर असतो. त्यातून खाली थोडीशी पोकळी राहिली की चाकाखाली फरशी बोलते आणि मग तडकते. शहाबादी आणि कोटा चुनखडीचे दगड आहेत, टॉयलेट साफ करायचं ॲसिड सांडलं की पांढरे डाग कायमचे. डांबराचा विचार घरासाठी सोडूनच द्यावा. एवढ्याशा कामासाठी हॉट मिक्सवाला येत नाही, आणि बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या मे महिन्यात काळ्या अंगणातून अनवाणी चालणं शिक्षा आहे.

हिशोबाकडे वळताना आधी ब्रास समजून घ्यावा. मुरूम, खडी, वाळू यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. फरशीच्या कामाचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. ठेकेदार दोन्ही एकाच वाक्यात वापरतो. तीस बाय दहाचं अंगण म्हणजे फरशीचे ३ ब्रास. त्यावर चार इंच काँक्रीट म्हणजे बरोबर १ ब्रास काँक्रीट. एम-२०, म्हणजे एकास दीडास तीन या प्रमाणात, त्याला सुमारे २३ गोण्या सिमेंट, ४२ घनफूट वाळू आणि ८४ घनफूट खडी लागते. आठ मिलिमीटरच्या सळया आठ-आठ इंचांवर दोन्ही दिशांनी टाकल्या तर लोखंड सुमारे ११० किलो. दीड फूट दाबलेल्या मुरमासाठी सुटा मुरूम सहा ब्रासच्या आसपास. कडेचे दोन फूट धरले तर आणखी वर. हे आकडे कुणी बदलू शकत नाही. ठेकेदारानं अठरा गोण्यांत काम केलं तर पाच गोण्या तुमच्या अंगणात नाहीत.

दर मात्र गावागावाला आणि महिन्यामहिन्याला बदलतात, म्हणून पुढचे दर हिशोबाची रीत दाखवण्यापुरते धरलेले आहेत. मुरूम पोहोच ब्रासला १,५०० रुपये, जेसीबी दोन तासांचे २,४००, दाबाई-पाणी-मजुरी ३,६०० धरली तर तळाचं काम १५,००० रुपयांत बसतं. काँक्रीटला सिमेंट ३५० रुपये गोणीनं ८,०५०, लोखंड ६० रुपये किलोनं ६,६००, खडी-वाळू मिळून साडेपाच हजार, आणि मजुरी-मिक्सर चौरस फुटाला ३० रुपये म्हणजे ९,०००. बेरीज २९,००० च्या थोडी वर. पेव्हर ६० मिलिमीटरचे, बसवण्यासह चौरस फुटाला ८० रुपये धरले तर २४,०००, आणि ८० फूट कर्ब ७० रुपयांनी ५,६००. बेरीज जवळपास तीच. ज्या दोन पर्यायांवर घरात महिनाभर वाद चालतो त्यांच्यात असा किरकोळ फरक निघतो, आणि ज्या तळाच्या कामावर कुणी बोलतच नाही त्यात एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा जातो. पैसे कमी पडले की पहिली कात्रीही तिथंच लागते, कारण मुरूम दिसत नाही.

कमी पैशांत ताकद कुठं मिळते तेही आकड्यांतच कळतं. काँक्रीटच्या थराची वाकण्याला तोंड देण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चारचे पाच इंच केले की माल चौथाईनं वाढतो, ताकद निम्म्याहून जास्त. त्या एका इंचाला सिमेंट पावणेसहा गोण्या, म्हणजे वरच्या दरानं दोन हजार रुपये. रंगीत नक्षीच्या साच्यावर खर्च करण्यापेक्षा हा इंच विकत घेतलेला बरा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दारात येणाऱ्या घरी सहा इंचच धरावेत.

ज्याच्याकडे तेवढेही पैसे नाहीत त्याच्यासाठी दोन पट्ट्यांचा मार्ग आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपयांचं मूळ अनुदान ठरलं, ते २५ चौरस मीटरच्या घरासाठी. अंगण त्यात नाही. अशा वेळी पूर्ण रुंदीत मुरूम दाबून घ्यायचा आणि फक्त चाकांखाली दोन-दोन फुटांच्या काँक्रीटच्या पट्ट्या टाकायच्या. तीनशेऐवजी एकशे वीस चौरस फूट काँक्रीट लागतं. मधे खडी किंवा गवत राहतं आणि पाणी तिथं मुरतं. ही सोय मुरमाड जागी फार चांगली चालते. खोल काळीत मात्र मधे मुरणारं पाणीच पट्ट्या तिरक्या करतं, तिथं मधला भागही दाबलेल्या मुरमाचाच, उतार देऊन ठेवावा.

वाळूचा भाव हा स्वतंत्र विषय आहे. तापीची वाळू या भागात नावाजलेली, गुजरातच्या हद्दीतूनही ती जिल्ह्यात येते, आणि तिच्या लिलावांची, बंदीची, वाहतुकीची बातमी वर्षभर वर्तमानपत्रांत असते. २०२३ मध्ये सरकारी डेपोतून ब्रासला ६०० रुपयांनी वाळू देण्याचं धोरण आलं, २०२५ मध्ये ते बदललं आणि दगडापासून केलेल्या कृत्रिम वाळूला राज्यानं उत्तेजन द्यायला सुरुवात केली. अंगणाच्या काँक्रीटला चांगली धुतलेली कृत्रिम वाळू पूर्ण चालते. नदीच्या वाळूसाठी काम दोन महिने अडवून ठेवायची गरज नाही. सिमेंटवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा त्याआधीच्या दरानं काढलेलं अंदाजपत्रक कुणी पुढे केलं तर ते नव्यानं मांडायला सांगावं. दर पडताळायचे असतील तर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची कुणालाही पाहता येते. खाजगी काम तिच्या दरानं होईलच असं नाही, पण मागितलेला भाव कुठं बसतो ते कळतं.

वेळापत्रकाला इथं स्थानिक बाजू आहे. मे महिन्यात मुरूम भरून दाबावा, पावसाळा त्यावरून जाऊ द्यावा, जिथं बसेल तिथं पुन्हा भर घालावी आणि दिवाळीनंतर वरचा थर घ्यावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा काँक्रीटला मानवते; चाळीस अंशांच्या वर ओतकाम टाळावं असं मानकही सांगतं. अडचण एवढीच की दिवाळीनंतर जिल्ह्यातले कितीतरी मजूर ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला जातात, आणि मार्चच्या सुमारास होळी येते. सातपुड्यात होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. आठवडाभर आधी भोंगऱ्या बाजार भरू लागले की पाड्यांवरचा माणूस कामावर थांबत नाही, आणि थांबवूही नये. त्यामुळे माणसं डिसेंबरपूर्वी ठरवून ठेवलेली बरी.

ठेक्याचा कागद एका पानाचा असला तरी चालेल, पण त्यात चार आकडे हवेत: मुरमाचा दाबलेला थर किती इंच, काँक्रीट किंवा ब्लॉकची जाडी आणि ताकद किती, उतार कुठल्या दिशेला किती, आणि पाणी किती दिवस मारायचं व ते कुणी मारायचं. चौरस फुटाचा एकच ढोबळ दर लिहिलेला कागद यातलं काहीच बांधून घेत नाही. पैसे तीन टप्प्यांत द्यावेत, पहिला मुरूम दाबून झाल्यावर, दुसरा वरचा थर झाल्यावर. शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता पुढच्या सप्टेंबरपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवावं. ठेकेदार कुरकुर करेल, पण मुरूम नीट दाबलेला असेल तर तो कबूल होतो. सप्टेंबरमध्ये बादलीभर पाणी जोत्याशी ओतून ते कुठं जातं, कुठं थांबतं ते दोघांनी मिळून पाहावं, सांध्यांतली वाळू वाहून गेली असेल तर पुन्हा भरून घ्यावी, आणि मग तो हप्ता चुकता करावा.